बसलेल्या बॅटरीची कुळकथा

पालघर-बोईसर रस्त्यानं उमरोळीच्या आसपास बॅटरीची कामं करणारी जी दुकानं आहेत, त्यांच्याकडं पावसाळा सरला की एक ठरावीक तक्रार येते. लग्नाच्या लॉनवरची, रिसॉर्टमधली किंवा तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात पाहुण्यांना फिरवायला ठेवलेली बॅटरीची गाडी जूनपासून शेडमध्ये उभी असते. आसपास गोल्फचं मैदान असो वा नसो, सगळे तिला गोल्फ कार्टच म्हणतात. ऑक्टोबरात ताडपत्री निघते, चार्जरची पिन लागते, आणि चार्जर ढिम्म. दिवा नाही, गुणगुण नाही. मालक म्हणतो, चार्जर जळला. दुसरा चार्जर आणतात, तोही तसाच. मग निदान होतं : बॅटऱ्या मेल्या, सहाच्या सहा बदला.

यातलं पहिलं निदान बहुधा चूक असतं आणि दुसरं अर्धंच खरं. चार्जर शाबूत असतो. त्याला आधी बॅटरीचं व्होल्टेज दिसावं लागतं, मगच तो करंट सोडतो. ४८ व्होल्टच्या गाडीत ८ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. पूर्ण भरून निवांत पडलेल्या अशा संचावर मीटर ५०-५१ दाखवतो. तोच संच तीसच्या आसपास आला की चार्जरच्या दृष्टीनं समोर बॅटरीच नाही. हा किमान आकडा चार्जरगणिक वेगळा, पण दंडक एकच. म्हणजे ज्या बॅटरीला करंटची सगळ्यात जास्त गरज, तिलाच तो मिळत नाही. असा चार्जर कुणी का बनवला असेल, याचा माग काढत गेलं की दीडशेहून जास्त वर्षं मागं जावं लागतं.

गास्तों प्लांते या फ्रेंच माणसानं १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे घेतले, मध्ये कापडाचा आडोसा घालून त्यांची गुंडाळी केली आणि ती पातळ सल्फ्युरिक ॲसिडात बुडवली. करंट दिला की गुंडाळी तो साठवी, मागितला की परत देई. पुढच्याच वर्षी नऊ सेलांची बॅटरी त्यानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढं ठेवली. त्या वेळी कामाचा डायनॅमो अस्तित्वात नव्हता, त्यामुळं ही बॅटरी भरायची तर दुसऱ्या, एकदाच वापरायच्या बॅटऱ्या खर्ची घालाव्या लागत. व्यवहार म्हणून शुद्ध आतबट्ट्याचा. पण प्लांतेच्या प्रयोगातली खरी गोष्ट निराळीच होती. नव्या कोऱ्या पत्र्यांत वीज फारशी मावत नसे. त्यांना चार्ज करायचं, रिकामं करायचं, थोडे दिवस पडू द्यायचं, मग उलट्या दिशेनं चार्ज करायचं, पुन्हा रिकामं करायचं, असं महिनोन्‌महिने चाले. प्रत्येक फेरीत शिशाचा पृष्ठभाग थोडा अधिक सच्छिद्र होई आणि बॅटरीची ताकद वाढे. पहिली शिसं-ॲसिड बॅटरी अशी घडवली गेली. पूर्ण रिकामी होणं, उलटी भरली जाणं, पडून राहणं या सगळ्या गोष्टी आज बॅटरीच्या मरणाची कारणं म्हणून सांगतात. तिच्या जन्मात त्यांचाच हात होता. फरक एवढाच, की तेव्हा प्रत्येक फेरीला शेजारी एक माणूस बसलेला असे.

महिनोन्‌महिन्यांचं ते काम कामिय फोरनं १८८१ च्या सुमारास दिवसांवर आणलं. त्यानं पत्र्यांवर शिशाच्या लाल ऑक्साइडचा लगदा थापला, म्हणजे आपल्याकडं मारुतीला लावतात तो शेंदूर. थापलेला लगदा पहिल्याच चार्जिंगमध्ये कामाला लागे. फोरच्या बॅटऱ्यांची एक पेटी पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसनकडं, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनकडं, भरलेली पाठवली गेली. वीज पेटीतून परगावी गेली याचं त्या काळी केवढं अप्रूप झालं होतं. लगदा पत्र्यावरून सुटून पडे, म्हणून लवकरच जाळीच्या चौकटी आल्या. मऊ शिशाच्या जाळीला ताठपणा यावा म्हणून त्यात अँटिमनी मिसळू लागले. आजही गाडीतली पाणी घालायची बॅटरी उघडली तर आत जाळी आणि लगदा हीच रचना सापडते.

त्याच दशकाच्या आरंभी ग्लॅडस्टन आणि ट्राइब या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी बॅटरी रिकामी होते म्हणजे नेमकं काय होतं ते सांगितलं. दोन्ही पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट बसतं आणि ॲसिड पाण्याच्या दिशेनं पातळ होत जातं. चार्ज केलं की सल्फेट विरून ॲसिड पुन्हा कडक होतं. ताजं सल्फेट पिठीसाखरेसारखं, लगेच विरघळतं. महिनोन्‌महिने पडलं की त्याची खडीसाखर होते, आणि ती विरायला वेळ लागतो. बॅटरी ‘मेली’ म्हणतात तेव्हा अनेकदा घडलेलं असतं ते एवढंच. खडे मोठे झालेले असतात, ते वीज जाऊ देत नाहीत, आणि त्यांना विरायला लागणारा वेळ द्यायला कुणी तयार नसतं.

हे कळल्यावर बॅटरीजवळच्या माणसाच्या हाती एक साधन आलं : हायड्रोमीटर. काचेच्या नळीत ॲसिड ओढायचं, आतलं तरंगतं नळकांडं किती वर येतं ते बघायचं. भरलेल्या सेलमध्ये आकडा १.२६५ ते १.२८०, पार उतरलेल्यात १.१२० च्या आसपास. आपल्याकडं याला सगळे नुसतं ‘ग्रॅव्हिटी बघणं’ म्हणतात. वीजकेंद्रांत, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, रेल्वेच्या शेडमध्ये बॅटरीची वेगळी खोली असे आणि वहीत रोज सेलवार ग्रॅव्हिटी उतरवणारा एक माणूस असे. ॲसिडनं भोकं पडलेला त्याचा सदरा ही त्याची ओळख.

रेल्वेचं नाव घेतलंच आहे तर उमरोळीकरांनी बॅटरी सगळ्यात जास्त कुठं पाहिली तेही सांगायला हवं. १८८१ मध्येच लंडन-ब्रायटन मार्गावरच्या एका पुलमन डब्यात बॅटरीवरचे दिवे लागले. हिंदुस्थानात जोधपूर रेल्वेनं १९०२ मध्ये विजेचे दिवे डब्यात कायमचे बसवले. पुढं डब्याच्या चाकाच्या आसावरून पट्टा घेऊन डायनॅमो फिरवायचा आणि डब्याखालच्या पेटीतल्या बॅटऱ्या भरायच्या, ही पद्धत देशभर रुळली. विरार-डहाणू लोकल १६ एप्रिल २०१३ ला सुरू झाली. त्याआधी या पट्ट्यात शटलचंच राज्य होतं. शटल एखाद्या स्टेशनात एक्स्प्रेसला वाट देत उभी राहिली, की दिवे हळूहळू पिवळे पडत, पंखे रेंगाळत आणि शेवटी डब्यात अंधार. गाडी हलली की काही मिनिटांनी पुन्हा उजेड. पट्टा चोरीला गेलेला डबा मात्र अंधारातच राही, आणि त्याच्या बॅटऱ्या तशाच उतरलेल्या अवस्थेत शेडला पोचत. तिथं त्यांना भंगारात न टाकता कमी करंटवर दोन-दोन दिवस लावून ठेवत. ते रोजचंच काम होतं, त्यात कुणाला चमत्कार वाटत नसे.

देशात बॅटरी बनू लागली ती उशिरा. इंग्लंडच्या क्लोराइड कंपनीनं १९१६ पासून इथं माल आणून विकला. बंगालात श्यामनगरला १९४६ मध्ये कारखाना निघाला आणि दुसरा १९६९ मध्ये आपल्या चिंचवडला. हीच कंपनी पुढं एक्साइड. मुंबईच्या स्टँडर्ड बॅटरीजचे कांजूरमार्ग आणि तळोजा इथले कारखानेही १९९८ मध्ये तिच्याकडंच गेले. चिंचवडचा कारखाना निघाला त्याच १९६९ मध्ये, २८ ऑक्टोबरला, उमरोळीपासून जवळच्या तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र व्यापारी तत्त्वावर चालू झालं.

वीज तयार करणाऱ्या ठिकाणी बॅटरी कशाला, असं वाटेल. पण अणुभट्टी बंद केली तरी तिच्यातली उष्णता तत्काळ थांबत नाही. बाहेरची वीज गेली आणि डिझेल जनित्रंही चालली नाहीत तर पाण्याची पातळी दाखवणारी उपकरणं आणि झडपा चालवणारे रिले बॅटरीवर चालावे लागतात. तारापूरचे पहिले दोन संच जनरल इलेक्ट्रिकच्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांचे. जपानमधल्या फुकुशिमाची पहिली भट्टी त्याच घराण्यातली, थोडी धाकटी. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत तिथल्या बॅटरीच्या खोल्यांत पाणी शिरलं आणि नियंत्रण कक्षातले काटे मेले. तेव्हा कर्मचाऱ्यांनी आवारातल्या मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणल्या, त्या जोडून पातळीचे काटे पुन्हा वाचले, आणि पुढं दाब सोडायच्या झडपांसाठी १२ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकामागे एक लावल्या. अणुयुगाच्या त्या रात्री टॉर्चच्या उजेडात हातानं बॅटऱ्या जोडणारी माणसं होती, हे वाचताना मला प्लांते आठवल्याशिवाय राहिला नाही.

गोल्फ कार्टची शाखा या वंशात उशिरा फुटली. मोटारीत १९१२ पासून विजेचा स्टार्टर आला आणि बॅटरीचं काम बदललं : क्षणभर जबर करंट द्यायचा, लगेच इंजिनानं तिला पुन्हा भरायचं. त्यासाठी पातळ आणि भरपूर पट्ट्या लागतात. अशी बॅटरी मोजक्या वेळा पूर्ण उतरवली की ती कामातून गेली. उलट गोल्फच्या मैदानावरच्या गाडीला दिवसभर थोडा थोडा करंट ओढून रात्री भरायचं असतं. १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात पहिल्या विजेच्या गोल्फ गाड्या विक्रीला आल्या आणि त्यांच्यापाठोपाठ जाड पट्ट्यांच्या, खोलवर उतरवल्या तरी सोसणाऱ्या बॅटऱ्या. ६ व्होल्ट, सव्वादोनशे अँपिअर-अवरची ती चौकोनी बॅटरी पुढं फरशी पुसायच्या यंत्रांत गेली, बोटींत गेली, सौर दिव्यांच्या खोल्यांत गेली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी २००० च्या आगेमागे बॅटरीवर चालणारी ‘इलेक्शा’ ही रिक्षा केली, तिच्याही पोटात शिसं-ॲसिडच होतं. देशभर ई-रिक्षांचं पेव फुटलं त्याच्या बरंच आधीची ही गोष्ट.

घराघरांत ही बॅटरी आणली ती भारनियमनानं. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात तासन्‌तास वीज नसे. तारापूरचे ५४० मेगावॉटचे दोन नवे संच २००५ आणि २००६ मध्ये चालू झाले ते नेमके त्याच काळात, आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी-पोफरणची घरं उठली. वीज ग्रिडला गेली, आणि केंद्राच्या पंचक्रोशीतल्या लोकांनी इन्व्हर्टर घेतले. जिन्याखाली ठेवलेल्या त्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणं हे घरातल्या कुणाच्या तरी वाट्याला आलं, बहुधा ज्याला बाकी काही काम नाही असं समजलं जाई त्याच्या. बॅटरीच्या खोलीतला तो सदऱ्याला भोकं पडलेला माणूस आता आजोबांच्या रूपानं घरात आला होता.

आणि नेमका याच माणसावर चार्जर बनवणाऱ्यांचा भरवसा नव्हता. त्यांचंही चुकत नव्हतं. क्लिपा उलट्या लावणं, ३६ व्होल्टच्या संचाला ४८ चा चार्जर जोडणं, आत सेल शॉर्ट झालेला असताना रात्रभर करंट देत राहणं, हे सगळं घडत होतं आणि त्यात बॅटऱ्या फुटत होत्या. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला की एका ठिणगीत ॲसिड तोंडावर. म्हणून गोल्फ कार्टच्या चार्जरात आधी एक रिले आला, जो बॅटरीच्याच व्होल्टेजवर ओढला जातो, आणि नंतर त्याची जागा चिपनं घेतली. बॅटरीत पुरेसं व्होल्टेज असेल आणि सरळ दिशेनं असेल, तरच वीज. माणसाला बाजूला काढणारी ही व्यवस्था शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा शहाणी ठरते. चार महिने ताडपत्रीखाली राहिलेली गाडी ही ती शंभरावी वेळ.

मग करायचं काय? बाजारात पहिला उपाय पुडीचा मिळतो. कुणी एप्सम सॉल्ट घालतं, कुणी तुरटीचं पाणी. या पुडीचंही कूळ मोठं आहे. अमेरिकेत जेस रिची नावाच्या माणसानं एडी-एक्स-टू नावाची पावडर विकली. आत मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियमची सल्फेटं. सरकारी मानक संस्थेनं तपासून तिचा उपयोग नाही म्हणून सांगितलं, तर १९५३ मध्ये वाणिज्यमंत्र्यांनी संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांनाच घरी पाठवलं. शास्त्रज्ञ खवळले, ॲस्टिन परत आले, आणि राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनंही पावडरीत दम नाही असाच निर्वाळा दिला. तरी पुडी खपते. त्याचं कारण साधं आहे. पुडी टाकणारा माणूस त्यानंतर बॅटरी दोन दिवस सावकाश चार्जिंगला लावतो. गुण येतो तो त्या दोन दिवसांचा, आणि श्रेय जातं पुडीला.

आमच्याकडच्या दुकानात अनुभवी हात हे काम कसं करतो ते बघण्यासारखं असतं. तो आधी संच सोडवतो, सहा बॅटऱ्या सुट्या करतो. प्रत्येकीवर मीटर. समजा पाच बॅटऱ्या साडेपाच ते सहाच्या दरम्यान आहेत आणि एक दोनवर. खडूनं त्या एकीवर फुली. तिच्यात सेल शॉर्ट असावा किंवा एखादा सेल उलटा भरला असावा. जोडणीत सगळ्यांतून करंट सारखाच जातो, त्यामुळं सगळ्यात अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याला उलट दिशेनं ढकलत राहतात. मग झाकणं उघडून टॉर्चनं पातळी. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर, तेही पट्ट्या बुडतील एवढंच. गळ्यापर्यंत भरलं तर चार्जिंगमध्ये पातळी चढून ॲसिड वर उतू जातं. नवं ॲसिड अजिबात नाही : हरवलेलं ॲसिड सल्फेट होऊन पट्ट्यांवरच बसलेलं असतं, वरून आणखी ओतलं तर पुढं ते अति कडक होऊन जाळ्या खातं.

मग तो कोपऱ्यातला जुना, ट्रान्सफॉर्मरचा, पत्र्याच्या डब्यातला चार्जर काढतो. या चार्जरला डोकं नाही, म्हणून तो बॅटरी पारखत नाही. क्लिपा आधी, स्विच नंतर. काढताना उलटा क्रम. पहिल्या अर्ध्या तासात अँपिअरचा काटा जेमतेम हलतो आणि व्होल्टेज मात्र एकदम चढतं. नवखा इथं फसतो, त्याला वाटतं बॅटरी भरली. खरं तर सल्फेटचे खडे करंटला वाट देत नसतात. तासा-दोन तासांनी व्होल्टेज जरा खाली येतं, काटा वर सरकतो, म्हणजे आत काहीतरी विरू लागलं. पाच-सात अँपिअरच्या वर तो जाऊ देत नाही. मध्येमध्ये बॅटरीच्या अंगाला हाताची पालथी बाजू लावतो. चटका बसला तर बंद, निवल्यावर पुन्हा. सगळ्या सेलांत बुडबुडे सारखे येऊ लागले की ग्रॅव्हिटी. बारा-चौदा तासांत १.२०० च्या पुढं सरकलेला सेल त्याच्या लेखी वाचला. दोन दिवसांनंतरही १.१४० वर अडलेला सेल गेला. संच पुन्हा जोडला की गाडीचा मूळ चार्जर काही झालंच नाही अशा थाटात सुरू होतो.

घाईची पद्धतही आहे. तेवढ्याच व्होल्टचा चांगला संच काही मिनिटं समांतर जोडून मूळ चार्जरला फसवायचं, चार्जर सुरू झाला की तो संच काढून घ्यायचा. चालते, पण शॉर्ट झालेला सेल आत असेल तर चार्जरची ती शहाणी शंका आपण स्वतःच्या हातानं मोडलेली असते. क्लिप काढताना उडणारी ठिणगी वेगळीच.

पार उतरून पडलेल्या बॅटरीची आणखी एक खोड आहे, ती पुस्तकात असते पण दुकानात क्वचित कुणी सांगतं. ॲसिड जवळपास पाणी झालं की शिशाचं सल्फेट त्यात जरा जास्त विरघळतं आणि पट्ट्यांमधल्या पडद्यात मुरतं. पुढं चार्ज करताना तिथंच शिशाचे बारीक तंतू उगवतात आणि दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात. वाचवलेली बॅटरी पंधरा दिवसांत अचानक बसते ती बरेचदा यानं. म्हणून प्रामाणिक दुकानदार वाचवलेल्या बॅटरीची गॅरंटी देत नाही, आणि मूळ ताकदीच्या सत्तर टक्के जरी परत आली तरी खूश असतो.

फुलीची बॅटरी मात्र वजनावर जाते. जुन्या बॅटरीला भाव असतो तो आतल्या शिशाचा, आणि भंगारातून वितळवलेलं शिसं पुन्हा नव्या पट्ट्यांत येतं. एवढी पूर्णपणे परत फिरणारी दुसरी वस्तू बाजारात शोधावी लागेल. ते कुठं वितळतं हा प्रश्न निराळा. मागच्या अंगणात भट्टी लावून वितळवलं की धूर आधी त्या घरातल्या पोरांच्या रक्तात जातो. २००१ च्या नियमांनी उत्पादक आणि विक्रेत्यांवर जुनी बॅटरी परत घ्यायची जबाबदारी टाकली, २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. तरी हातगाडीवाला दहा रुपये जास्त देत असेल तर फुलीची बॅटरी कुठं जाते, हे कुणालाही विचारावं लागत नाही.

आता नव्या गाड्या लिथियमवर येऊ लागल्या आहेत. त्यांच्यात पाणी नाही, ग्रॅव्हिटी नाही, उघडायला झाकण नाही. त्यांच्या पोटातच एक इलेक्ट्रॉनिक पाटी असते, ती प्रत्येक सेल मोजते आणि व्होल्टेज फार खाली गेलं की बॅटरीला कुलूप घालते. दुकानात येणाऱ्याला वाटतं, शिशाची वाचवली तशी हीही वाचवा. पण इथं चार्जरचा नकार पाळायचाच असतो. लिथियमचा सेल दीर्घकाळ दोन व्होल्टच्या खाली राहिला की आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं, आणि पुन्हा करंट दिला की ते भलत्याच जागी बसून आतल्या आत शॉर्ट करतं. तो शॉर्ट झाल्यावर निघते ती आग. अशा गाडीला पत्र्याच्या डब्यातल्या चार्जरच्या क्लिपा लावायला दुकानदार तयार नसतो. ज्या कंपनीची गाडी तिच्याकडं पाठवा म्हणतो, आणि मालकानं कितीही गळ घातली तरी पाना हातात घेत नाही.